भाऊ देशासाठी, मी पोटासाठी?

साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. नाव-गाव गाळलं आहे, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत.

पत्र लिहिणारे गृहस्थ ४१ वर्षांचे, वीज कंपनीत वायरमन. थोरले बंधू पायदळात २४ वर्षं नोकरी करून गेल्या वर्षी हवालदार म्हणून निवृत्त झाले. गावानं वेशीपासून उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. डॉल्बी, फटाके, दारोदारी औक्षण. त्या दिवशी आई पाहुण्यांना म्हणाली, "एक पोरगा देशाला दिला, एक पोटाला ठेवला." ते वाक्य यांच्या डोक्यातून जात नाही. त्याच पावसाळ्यात यांच्याबरोबर काम करणारा, गावातलाच २६ वर्षांचा ठेकेदाराकडचा मुलगा खांबावर शॉक लागून गेला. पेपरात चार ओळी आल्या, बाराव्याला मोजकी माणसं होती. आता ग्रामपंचायत शाळेसमोर सैनिकांचा स्मृतिस्तंभ बांधते आहे. शिवाय यापुढे ध्वजारोहण माजी सैनिकांच्याच हस्ते व्हावं असा ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येणार आहे. स्तंभावर त्या मुलाचं आणि कोविडात गेलेल्या गावच्या आशाताईंचंही नाव असावं असं यांना वाटतं. पण बोललं तर लोक म्हणणार, सख्ख्या भावावर जळतो. कुणी देशद्रोहीसुद्धा म्हणेल. मुलगा अठराचा, पहाटे उठून भरतीसाठी पळतो आणि वडिलांना विचारतो, "तुम्हाला कोण सॅल्यूट मारतं?" त्यांचे प्रश्न दोन. सैनिकाचा मान बाकी सगळ्यांपेक्षा मोठा असतो का? आणि असं काही मनात येणं हा मत्सर आहे का?

नमस्कार.

आधी मत्सराचं उरकून घेऊ, कारण तो काटा निघाल्याशिवाय बाकीचं तुम्हाला ऐकू येणार नाही. थोडा मत्सर आहे. सख्खा भाऊ जीपमध्ये उभा, गळ्यात हार, आणि आपण गर्दीत मागं डॉल्बीच्या जनरेटरची वायर सावरत उभे. (हे तुम्हीच लिहिलंय, आणि ते वाचून मला हसूही आलं आणि कसंनुसंही झालं.) अशा वेळी ज्याच्या पोटात काहीच हललं नाही तो माणूस साधुसंत असेल, नाहीतर खोटं बोलत असेल. पण तुमच्या चार पानी पत्रात स्वतःसाठी तुम्ही काय मागितलंय हे मी दोनदा शोधलं. काही सापडलं नाही. मागणं आहे ते गेलेल्या दोघांसाठी. तेव्हा मत्सर आहे म्हणून तुमचा प्रश्न खोटा ठरत नाही.

आता मूळ प्रश्न. सैनिकाला आपण मान देतो तो नेमका कशाचा?

तुमच्या भागात तर याची मुळं फार खोल आहेत. तुमच्याच जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण कामी आले, आणि इंग्रज सरकारनं त्यांच्या नावानं तिथं स्मारक उभारलं. हे सगळे देशप्रेमानं पेटून निघाले होते का? तेव्हा तर राज्य इंग्रजांचं होतं. माण-खटावच्या बाजूला पाऊस नाही, जमीन कोरडवाहू, घरात खाणारी तोंडं दहा. फौजेत गेलं की महिन्याला मनीऑर्डर, म्हातारपणी पेन्शन. दलित समाजासाठी तर फौज म्हणजे गावकीच्या जोखडातून सुटण्याची वाट होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार होते आणि फौजेच्याच शाळेत शिकवायचे. पुढं इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज-विनंत्या झाल्या, त्यामागं हेच होतं. नोकरी हवी होती, तशीच माणूस म्हणून उभं राहायला जागाही हवी होती. शेवटी १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली.

म्हणजे तुमची आई ज्या मानाबद्दल बोलते त्यात देश आहे, आणि पोटही पुरेपूर आहे. तुमच्या भावानं भरतीचा फॉर्म भरला तेव्हा घरात काय परिस्थिती होती हे तुम्ही पत्रात लिहिलंय: वडिलांचं आजारपण, विहीर आटलेली, सोसायटीचं कर्ज. त्याचा पहिला पगार आला तो त्या कर्जात गेला. एक देशाला आणि एक पोटाला, अशी वाटणी तुमच्या घरात कधी झालीच नव्हती. दोघंही दोन्हींसाठी गेलात.

मग मान जिवाच्या जोखमीचा आहे का? बहुतेकांचं उत्तर हेच असतं. तुम्हीही तेच धरून चाललाय, म्हणून तर सहकाऱ्याचा मृत्यू तुम्ही भावाच्या नोकरीशेजारी ठेवता. पण जोखीम हे माप लावलं तर यादी भलतीच निघेल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजाला आग लागली, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या आठवणीत देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात. तुमच्या गावात कुणाला माहीत आहे का, विचारून बघा. २०१५ च्या मे महिन्यात काळबादेवीच्या आगीत मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर आणि त्यांचे तीन अधिकारी गेले. जुनी इमारत होती, माणसं बाहेर काढून झाली होती, आग शेजारी पसरू नये म्हणून हे आत होते. आणि गटारात, सेप्टिक टाकीत उतरून गुदमरणाऱ्यांचं काय? माणसाला असं उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूंसाठी २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख रुपये भरपाई ठरवली. तरी माणसं उतरतात आणि मरतात. त्यांची मिरवणूक मी तरी पाहिलेली नाही.

तेव्हा नुसत्या जोखमीवर सैनिकाचा पहिला नंबर लागेलच असं नाही. पण सैनिक एक गोष्ट देतो ती तुम्ही देत नाही, मीही देत नाही. तो 'नाही' म्हणण्याचा हक्क देऊन टाकतो. तुम्हाला खांबावर चढायला सांगितलं आणि परमिट, म्हणजे लाइनवर काम करायची परवानगी, मिळालेलं नसेल, लाइन बंद असल्याची खात्री नसेल, अर्थिंग केलेलं नसेल, तर तुम्ही खाली उभं राहून म्हणू शकता, "साहेब, मी चढणार नाही." तसं म्हणायलाच हवं, नियमही तेच सांगतात. तुमची संघटना आहे, संप करता येतो, उद्या राजीनामा टाकून दुकान काढता येतं. तुमच्या भावाला यातलं काही नव्हतं. राज्यघटनेच्या ३३ व्या कलमानं संसदेला सैन्यदलांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार दिलाय. संघटना नाही, संप नाही, मनात आलं म्हणून सोडून येणं नाही. समोर गोळी येते आहे हे माहीत असूनही हुकूम झाला की पुढं जायचं. सियाचीनसारख्या ठिकाणी तर शत्रूआधी थंडीच जीव घेते, आणि तिथंही बदली नाकारायची सोय नाही.

हे देणं वेगळं आहे, म्हणून त्याचा मानही वेगळा असावा, असं माझं स्पष्ट मत आहे. घटनाकारांनीसुद्धा हे मानलं होतं. १८ व्या कलमानं देशातले रावबहादूर, सर वगैरे सगळे किताब बंद केले, पण दोन अपवाद ठेवले: लष्करी आणि विद्येचे. म्हणून निवृत्तीनंतरही कुणी नावाआधी 'कर्नल' लावतो आणि कुणी 'डॉक्टर'. सैनिक आणि विद्वान एकाच वाक्यात शेजारी बसवलेत, याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही.

वेगळा मान म्हणजे मोठा मान, असं मात्र नाही. तुमच्या गावात या दोन गोष्टींची सरमिसळ झालीय आणि तुमच्या मनातही झालीय. पगारात सरकारनं हे वेगळं मोजलेलंच आहे. जवानाला मूळ पगाराखेरीज महिन्याला ५,२०० रुपये 'मिलिटरी सर्व्हिस पे' मिळतो, तो याच कष्टांचा. माजी सैनिकांना आपल्या राज्यात घरपट्टीत सवलत आहे, जिल्ह्याला सैनिक कल्याण कार्यालय आहे, ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो. हे सगळं योग्यच आहे. पण ग्रामसभेत हात वर करताना माजी सैनिक आणि वायरमन यांचं मत एकच धरतात, आणि ते तसंच राहिलं पाहिजे.

शौर्याचं म्हणाल तर तिथं सरकारनंही गणवेशाची अट ठेवलेली नाही. शांतताकाळातलं सर्वोच्च शौर्यपदक अशोक चक्र. ते सैनिकाला मिळतं, पोलिसाला मिळतं, साध्या नागरिकालाही मिळतं. विमानातल्या प्रवाशांना वाचवताना गेलेल्या नीरजा भनोटला मिळालं. आणि तुमच्याच जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याच्या तुकाराम ओंबळ्यांना. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर त्यांच्या हातात काय होतं? काठी. समोर एके-४७. त्यांनी बंदुकीची नळी धरली ती सोडली नाही, गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून कसाब जिवंत सापडला. मुंबई पोलिसातले साहाय्यक फौजदार होते ते. पुढच्या वेळी कुणी तुम्हाला "मान फक्त फौजीला" असं ऐकवलं तर वाद घालू नका, केडंब्याचं नाव घ्या. साताऱ्यातल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही.

आता तुमच्या मनातली आणखी एक समजूत. भावाला मान मिळाला आणि तो भरून पावला, असं तुम्हाला वाटतं. त्याला विचारलंय? डॉल्बी बंद झाल्यानंतरचं? निवृत्त हवालदाराचं वय असतं चाळीस-बेचाळीस. मुलं शिकतायत, बायकोनं दोन तपं एकटीनं घर ओढलंय, आणि घरात परत आलेल्या या माणसाला कोणत्या खोलीत बसावं इथपासून शिकावं लागतं. पेन्शनच्या कागदात नावाचं स्पेलिंग चुकलं की चकरा सुरू. कितीतरी माजी सैनिक बँकेच्या आणि एटीएमच्या दारात बंदूक घेऊन बसलेले दिसतात. त्यांच्यासमोरून पैसे काढून जाताना किती जण मान वर करून बघतात?

गावाच्या प्रेमाची खरी परीक्षा तर लग्नाच्या बाजारात होते. मिरवणुकीत फुलं उधळणारा माणूस मुलीसाठी स्थळ बघताना मध्यस्थाला हळूच सांगतो, "फौजी नको, पुण्यात कंपनीत असला तर बघा." मी हे कुत्सितपणे लिहीत नाही. मुलीच्या काळजीपोटीच बोलतो तो. पण त्या फुलांची किंमत किती धरायची, हे त्यावरून समजतं.

आणि सैनिक म्हणून सगळ्यांना सारखं मिळतं असंही नाही. पुलवामात १४ फेब्रुवारी २०१९ ला सीआरपीएफचे ४० जवान गेले, त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. सारा देश रडला. पण १ जानेवारी २००४ नंतर केंद्रात लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली तेव्हा सवलत मिळाली ती सैन्यदलांना. सीआरपीएफ गृह खात्याकडं, म्हणून ते नव्या पेन्शनमध्ये. गोळी मात्र खातं विचारून लागत नाही. तुमच्या मुलासारखे आता जे भरती होतील ते २०२२ नंतरच्या योजनेतले अग्निवीर. चार वर्षं नोकरी, त्यातले पाव जण पुढं कायम, बाकीचे सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवा निधी घेऊन बाविशी-पंचविशीत घरी. पेन्शन नाही. त्यांच्यासाठी गाव जीप काढेल का, आणि काढली तरी पुढं काय, हे गावानं अजून ठरवायचंय.

हे सगळं सांगण्याचा हेतू भावाचा मान कमी करणं नाही. मिरवणूक हा मानाचा सगळ्यात स्वस्त भाग आहे, एवढंच लक्षात यावं. ती मिळाली नाही म्हणून तुम्ही झुरताय, आणि ज्याला मिळाली त्याला तिच्या पलीकडचं फारसं मिळालेलं नसण्याची शक्यता बरीच आहे.

गावांची ही सवयही तशी फार जुनी नाही. १९६५, १९७१ च्या लढायांत बहुतेक जवानांवर तिकडंच अंत्यसंस्कार व्हायचे, घरी तार यायची. कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, तिरंग्यात गुंडाळलेली पार्थिवं गावोगाव आली, टीव्हीवर दिसली, आणि शहीद सैनिकाला निरोप कसा द्यायचा याची एक रीत बसली. मान देणं माणसं शिकतात. तुमच्या गावाला वायरमनच्या बाबतीत ते शिकवावं लागेल, आणि सैनिकाचाच धडा गिरवून ते जमणार नाही.

कारण तो प्रयोग आपण करून पाहिलाय. कोविडात डॉक्टर, नर्स, सफाई कामगार, आशाताई सगळ्यांना 'योद्धे' म्हटलं. मार्चमध्ये थाळ्या वाजल्या, ३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी दवाखान्यांवर फुलं टाकली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देशभरातल्या आशांचा गौरव केला. आणि त्याच आशाताई पुढच्याच वर्षी मानधनासाठी संपावर होत्या. योद्धा म्हटलं की एक सोय होते: योद्धा मरणारच, असं आपण धरून चालतो. मग त्याला मास्क का मिळाला नाही, रात्री अडलेल्या बाईला नेताना गाडी का नव्हती, हे विचारावं लागत नाही. तुमच्या सहकाऱ्याला 'शहीद वीजसैनिक' म्हटलं की नेमकं हेच होईल. त्याच्या हातात धड हातमोजे का नव्हते, हा प्रश्न हारांखाली जाईल. पुण्यात १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई त्याच आजारानं गेल्या. त्यांना कुणी सैनिक म्हणत नाही, म्हणायची गरजही पडली नाही.

तेव्हा माझा सल्ला. स्मृतिस्तंभावर नावं घालायचा आग्रह सोडा. तो स्तंभ युद्धात गेलेल्यांचा राहू द्या. तुम्ही तिथं नाव मागितलंत की चर्चा त्या मुलाची राहणार नाही, "हा सैनिकांच्या पंक्तीत बसतो का" यावर येईल. कुणीतरी तोंडावर "नाही" म्हणेल आणि त्याची आई ते ऐकेल. हे टाळता येण्यासारखं आहे, टाळा.

ध्वजारोहणाचा ठराव मात्र मला खटकतो, आणि कारण तुम्ही दिलंय त्यापेक्षा वेगळं आहे. गावानं निवडून दिलेला सरपंच झेंडा फडकवतो तेव्हा गाव स्वतःच्या हातानं तो फडकवत असतं. आपल्याकडं २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा बायकांना आहेत. तुमच्या गावच्या सरपंच ताईच आहेत, आणि पदावर येऊन त्यांना दोनच वर्षं झालीत. आता अचानक झेंड्याचा मान दुसऱ्याकडं द्यायचा सुचतंय यात सगळी सैनिकभक्तीच आहे असं मला वाटत नाही. तुमच्या गावच्या राजकारणाची मला माहिती नाही, तेव्हा इथंच थांबते. पण आळीपाळीनं मान द्यायला कुणाचीच हरकत नसावी: एका वर्षी माजी सैनिक, एका वर्षी निवृत्त शिक्षिका, एका वर्षी सफाईचं काम करणारी बाई, आणि सरपंच प्रत्येक वेळी शेजारी.

हे बोलणार कोण? तुम्ही तर अजिबात बोलू नका. गप्प बसलात तर आतल्या आत कुढाल. उठून बोललात तर उद्या पारावर एकच विषय, धाकटा थोरल्यावर उलटला. तिसरा मार्ग तुमच्या घरातच आहे. भावाशी बोला. आईसमोर नको, जेवताना नको, आणि दोघांपैकी एकानंही घेतलेली असताना तर नकोच. शेताकडं चालत जाताना बोला. सुरुवात मिरवणुकीपासून करू नका, त्या मुलापासून करा. तो कसा गेला ते सविस्तर सांगा: लाइन बंद होती, परमिट होतं, तो वर होता आणि वस्तीवर कुणीतरी जनरेटर चालू केला, जनरेटर लावताना घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच नाही, करंट उलटा तारेत आला. पायदळातल्या माणसाला आपल्याच बाजूनं आलेल्या गोळीनं मरणं म्हणजे काय हे तुमच्यापेक्षा चांगलं कळतं. मग त्याला म्हणा, ठराव तू मांड. हवालदारानं मांडलेल्या या ठरावाला त्या सभेत देशद्रोह म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

ठरावही मानाचा नको, कामाचा हवा. साधारण असा: "गावात ज्यांच्याकडे जनरेटर वा इन्व्हर्टर आहे त्यांनी वीज कंपनीच्या माणसाकडून चेंजओव्हर स्विच तपासून घ्यावा; ग्रामपंचायत त्याची नोंद ठेवील आणि दरवर्षी मे महिन्यात तपासणी होईल. आशाताईंना रात्री रुग्ण नेण्यासाठी गाडीचा खर्च ग्रामनिधीतून द्यावा. गटार व सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी माणूस आत उतरवू नये, यंत्र मागवावे. सफाईच्या कामगारांना गमबूट व हातमोजे पावसाळ्याआधी द्यावेत." मेच्या तपासणीला त्या मुलाचं नाव द्यावंसं वाटलं तर जरूर द्या, पण त्याच्या घरच्यांना विचारून. विषय सभेच्या कामकाजात यावा म्हणून ग्रामसेवकाकडं लेखी अर्ज आधीच द्या आणि पोच घ्या. आयत्या वेळचे विषय कसे गुंडाळले जातात हे तुम्हाला मी सांगायला नको.

नर्स, एसटीचे चालक-वाहक, पोलिसांच्या बायका यांचीही अशीच पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. "आम्हीही सैनिकच" म्हणू नका. त्यात तुम्ही स्वतःच्या कामाला दुसऱ्याचा गणवेश घालता, आणि तो नीट बसत नाही. तुमच्या कामात काय मोडलंय ते नावानिशी सांगा: ड्यूटी किती तासांची, गणवेश किती वर्षांचा, विसाव्याच्या खोलीत पंखा आहे की नाही. लोकांना हे समजतं. आणि पोलीस वसाहतीतल्या ताईंनी विचारलं होतं की नवऱ्याची दिवाळी कधीच घरी नसते, हे मुलाला कसं सांगायचं. २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो, १९५९ मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्जजवळ चिन्यांच्या गोळीबारात गेलेल्या पोलिसांच्या आठवणीत. तिथून गोष्ट सुरू करा.

मुलाचं. त्याला अडवू नका, सोळाशे मीटर पळू द्या, खुराक घाला. "तुम्हाला कोण सॅल्यूट मारतं" याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. अठराव्या वर्षी पोरं बापाला टोचतातच. पण एकदा पावसाळ्यात, रात्री अकराला डीपी उडाल्याचा फोन आला की त्याला बरोबर न्या. बॅटरी धरायला लावा, खांबापासून लांब उभा करा. परमिट येईपर्यंत तुम्ही वर का चढत नाही, तारेत उरलेला करंट जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड आधी का लावता, हे त्याला दिसू द्या. आणि अग्निवीर व्हायचंच असेल तर चार वर्षांनंतरचा विचार आज कागदावर मांडायला लावा: आयटीआय, पदवी, पोलीस भरती, जे असेल ते. हे काकानं सांगितलं तर तुमच्यापेक्षा लवकर ऐकेल.

आईशी वाद घालू नका. तिनं ते वाक्य पाहुण्यांसमोर म्हटलं, आणि पाहुण्यांसमोर आया असंच बोलतात. पण वडिलांना रात्री-अपरात्री कऱ्हाडच्या दवाखान्यात कुणी नेलं, वहिनीच्या दोन्ही बाळंतपणांना दारात गाडी कुणी उभी केली, भाऊ तिकडं निर्धास्त कुणाच्या जिवावर राहिला, हे तिला माहीत आहे. भावालाही माहीत असणार. शेतावर चालत जाताना तो ते बोलून दाखवील अशी माझी अटकळ आहे. नाही बोलला तरी ठरावाचं काढायला विसरू नका.

एक काम मात्र ग्रामसभेच्याही आधी करा. त्या मुलाच्या पत्नीच्या दाव्याचे कागद तिच्या हातात द्या. ठेकेदाराकडं होता म्हणून काही मिळणार नाही, असं तिला कुणीतरी सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. ते खरं नाही. त्याचा पीएफ कापला जात होता का ते पगाराच्या पावतीवर बघा. कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेला ईडीएलआय विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, असेल तर अवलंबितांना दरमहा लाभ मिळतो. ईएसआय नसेल तर कामावरच्या मृत्यूच्या भरपाईचा दावा करता येतो, आणि ठेकेदारानं हात वर केले तरी ज्या कंपनीचं काम होतं तिची जबाबदारी संपत नाही. या दाव्याला साधारण दोन वर्षांची मुदत असते, त्यातले काही महिने गेलेत. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालाची प्रत, तिन्ही मागून घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिला वकील फुकट मिळेल. सोबत तुम्ही जा, आणि जमलं तर भावालाही घेऊन जा. सरकारी कचेरीत माजी सैनिकाला निदान खुर्ची तरी देतात.